फाशावरचा आखाडा: गामा आणि झिबिस्को पत्त्यात कसे उतरवायचे?

तांबडी_माती

नमस्कार मंडळी,

गेल्या गणपतीपासून मी आणि माझा दहावीतला पुतण्या मिळून कुस्तीचा एक खेळ तयार करतोय. टेबलावर मांडायचा, दोन फासे आणि पत्ते. एक पत्ता म्हणजे एक पहिलवान.

नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड आठवत असतील. रँक, उंची, वजन, छाती, दंड. मधल्या सुट्टीत खेळून खेळून माझ्या पत्त्यांचे कोपरे झिजले होते. पण त्या पत्त्यांत कुस्ती नव्हती. कुणाचा दंड किती इंच ते कळायचं, पण गडी समोर आला की पहिला हात कुठे घालतो ते कळायचं नाही. मला नेमकं तेच पत्त्यावर आणायचंय. ज्याने त्या पहिलवानाला कधी पाहिलेलं नाही, त्यालाही दहा-बारा फाशांनंतर वाटलं पाहिजे की हा गडी आता ओळखीचा झाला.

सध्याची रचना अशी आहे. कुस्तीच्या तीन अवस्था: खडाखडी (उभ्याने एकमेकांना चाचपणं), पकड आणि जमीन. प्रत्येक अवस्थेला पत्त्यावर सहा डाव. एक फासा टाकून डाव ठरतो. मग दोन्ही फासे टाकायचे आणि डाव लागला की त्याची तोड निघाली ते समोरच्याच्या पत्त्यावर बघायचं. दोन फाशांची बेरीज बारा आली तर थेट चितपट. एक फेरी म्हणजे साधारण एक मिनिट.

मनाने रचलेले पहिलवान घेऊन खेळलो तेव्हा रंगत आली. मग पुतण्या म्हणाला, "काका, आता गामा करूया." तिथे गाडी अडली.

१० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये आपला गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को लढले. झिबिस्को वजनाने बराच भारी. तो सुरुवातीलाच खाली गेला आणि जवळपास सगळा वेळ हातापायांवर जमीन धरून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गेला, निकाल नाही. १७ तारखेला पुन्हा लढायचं ठरलं, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि गामा विजयी ठरला. पुढे १९२८ मध्ये पतियाळाला हेच दोघे समोरासमोर आले आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्याला पाडलं.

माणसं तीच. एकदा अडीच तास काहीच नाही आणि एकदा मिनिटभरात चितपट. माझ्या नियमांतून हे दोन्ही निकाल येऊ शकत नाहीत. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

फासेकर

विषय फार आवडला. आधी गणित करून बघितलं.

दोन फाशांवर बारा पडण्याची शक्यता ३६ मध्ये १. तुमच्या नियमाने दर मिनिटाला एवढी शक्यता चितपटीची. म्हणजे निकालाशिवाय १५० मिनिटं निघायची तर सलग १५० वेळा बारा टळायला हवा. ती शक्यता जेमतेम दीड टक्का येते. १९१० ची कुस्ती तुमच्या टेबलावर शंभरात एखाद-दुसऱ्या वेळीच होईल. आणि हे फक्त एका बाजूचे फासे धरून. दोघेही टाकणार असतील तर विसरूनच जा.

आता समजा झिबिस्को खाली बसलेला असताना चितपटीला दोन पायऱ्या ठेवल्या. आधी बारा आला तर त्याचा आधाराचा हात सुटला. लगेच पुढच्या फेकीत पुन्हा बारा आला तरच पाठ टेकली. शक्यता १२९६ मध्ये १ वर गेली. मग १५० मिनिटं बरोबरीत निघण्याची शक्यता साधारण ८९ टक्के. १९१० जमलं.

पण हेच आकडे १९२८ ला लावले तर पहिल्याच मिनिटाला निकाल लागणं जवळजवळ अशक्य. तेव्हा आकडे पहिलवानाला चिकटवू नका, अवस्थेला चिकटवा असं माझं मत. खाली बसलेला झिबिस्को आणि उभा झिबिस्को यांचे तक्ते वेगळे करा.

न्यू_जर्सीकर

इथे अमेरिकेत या जातीचे खेळ बरेच जुने आहेत. मी स्वतः 'चॅम्पियन्स ऑफ द गॅलक्सी' खेळलोय. टॉम फिल्सिंगर यांनी १९८६ मध्ये काढलेला खेळ. भविष्यकाळातले, परग्रहांवरचे कुस्तीगीर, सगळे चित्रकाराने रंगवलेले, आणि साधे फासे. त्यातही पत्त्यावर आक्रमणाच्या तीन पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर सहा डाव. कुस्ती जसजशी चढत जाईल तसतसे मोठे डाव येतात.

माझा अनुभव सांगतो. एच-वन व्हिसावर नवीन आलो होतो, थंडीचे दिवस, ओळखीपाळखी नाहीत. एका सहकाऱ्याने तो डबा दिला. मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचो. फासा फक्त डावाचं नाव देतो. बाकी सगळं डोळ्यांसमोर आपण उभं करायचं: तो दोरखंडावर कसा चढला, पडलेला कसा उठला, कुठे हात धरून कण्हला. पहिल्या आठवड्यात माझे सगळे कुस्तीगीर एकसारखे लढायचे. महिन्याभराने एकेकाची चाल वेगळी दिसायला लागली. एकजण मार खाल्ल्यावर हळू उठतो, दुसरा गुडघ्यावरूनच झेप घेतो. पत्त्यावर यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. तरी ते आलं पत्त्यातूनच, कारण एकाच्या तिन्ही पायऱ्यांत हाताचे डाव होते आणि दुसऱ्याच्या पायांचे.

म्हणून मला वाटतं, पत्त्यावर सगळं लिहायचा अट्टाहास नको. डाव नीट निवडा आणि प्रत्येकाला त्याचा म्हणून एक खास डाव द्या. उरलेलं खेळणारा पाहील.

पोकळ_घिस्सा

मी सांगली भागातला. तालमीत नऊ वर्षं काढली, गावोगावच्या जत्रांची मैदानं मारली, गुडघा गेल्यावर सोडलं. खेळाबद्दल मला काही कळत नाही, कुस्तीबद्दल बोलतो.

डावांची यादी म्हणजे पहिलवान नाही. आमच्या तालमीत चाळीस पोरं होती. पट, म्हणजे पाय ओढून पाडायचा डाव, सगळ्यांना यायचा. ढाक, म्हणजे मान काखेत धरून आपटायचा डाव, सगळ्यांना यायची. कलाजंग, टांग, घिस्सा, मोळी सगळ्यांनी घोटलेले. तुमच्या पत्त्यावर चाळिसांचे डाव लिहिले तर चाळीस पत्ते जवळजवळ एकच निघतील. पण अंधारात नुसता अंगाला हात लागला तरी मी सांगायचो, हा कोण ते.

फरक कशात असतो? एका डावानंतर दुसरा कोणता, यात. एक पोरगा होता, त्याची ढाक कधी लागायचीच नाही. पण तो ढाकेला हात घालायचाच. समोरचा ढाक तोडायला कंबर मागे घ्यायचा, वजन टाचेवर जायचं, आणि याने तेवढ्यात खाली बसून एकेरी पट काढलेला असायचा. पत्त्यावर तुम्ही काय लिहाल? ढाक: कच्ची. पट: बरा. आणि तो तर मैदानात भल्याभल्यांना लोळवत होता.

दुसरा एक गर्दनखेच करत राहायचा. मान धरून ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. दहा मिनिटं दुसरं काही नाही. बघणारे कंटाळायचे, हलगीवालासुद्धा थांबायचा. अकराव्या मिनिटाला समोरच्याची मान शिणलेली असायची, डोकं वर यायचं, की याने दस्ती ओढून पाठीमागे जाऊन कब्जा घेतला. त्याची कुस्ती त्या दहा मिनिटांत असायची.

म्हणून माझं एक सांगणं. पत्ता पुरा झाला की डावांच्या नावांवर कागद ठेवा. नुसते आकडे आणि क्रम बघून पहिलवान ओळखता आला पाहिजे. नाही आला तर पत्ता झालेला नाही.

तांबडी_माती

@पोकळ_घिस्सा, दादा, तुमचा प्रतिसाद मी पुतण्याला दोनदा वाचून दाखवला. लगेच सहा पत्त्यांवर डावांची नावं झाकली. सहापैकी एकच ओळखता आला आणि तोही वजनावरून. म्हणजे आठ महिन्यांत आम्ही ट्रम्प कार्डच केलं होतं, जरा मोठं.

आता असं केलंय. प्रत्येक डावासमोर दोन बाण. एक बाण 'लागला तर', दुसरा 'तुटला तर'. डाव तुटल्यावर कुस्ती थांबत नाही, बाण दाखवेल त्या डावावर जाते. काही पहिलवानांचा 'तुटला तर' हा बाण 'लागला तर'पेक्षा भारी ठेवला. तुमच्या त्या ढाकवाल्या पोराचा पत्ता (नाव न घेता) आम्ही सगळ्यात आधी बनवला. त्याची ढाक ३६ मध्ये फक्त ६ वेळा लागते. तुटली की एकेरी पट, आणि तो ३६ मध्ये २१ वेळा लागतो, कारण समोरच्याने नुकतीच कंबर मागे घेतलेली असते.

परवा पुतण्याच्या मित्राला खेळायला बसवलं. तिसऱ्या वेळी ढाक पडल्यावर तो मित्र फासा टाकायच्या आधीच म्हणाला, "आता हा पायात घुसणार." त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला जे हवं होतं ते पहिल्यांदा टेबलावर दिसलं.

मॅटवरची_आई

माझी मुलगी कोल्हापूर जिल्ह्यात कुस्ती शिकते, ५३ किलोत खेळते. धागा तिनेच दाखवला. आमच्याकडून दोन गोष्टी.

पहिली: मॅटची कुस्तीही घ्या. तिथे लढत सहा मिनिटांची, तीन-तीनचे दोन भाग, गुणांवर. फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. मातीत 'अजून वेळ आहे' म्हणून थांबणारा पहिलवान मॅटवर वेगळा वागतो, कारण घड्याळ त्याच्या मानगुटीवर असतं. डावसुद्धा बदलतात. मैदानी कुस्तीत घिश्शाला जांघिया धरता येतो. मॅटवर कपड्याला हात लावला की पंच टोकतात. माझ्या मुलीला माती सोडून मॅटवर आल्यावर हाताची ही सवय मोडायला सहा महिने लागले. रात्री झोपेतसुद्धा तिची बोटं आवळायची. तेव्हा एकाच पहिलवानाचे मातीतले आणि मॅटवरचे बाण वेगळे असायला हवेत.

दुसरी: साक्षी मलिकचा पत्ता कराच. २०१६, रिओ, ५८ किलो, कांस्यपदकाची लढत. मध्यंतराला ०-५ ने मागे. शेवटी ८-५ ने जिंकली, तेही अगदी अखेरच्या सेकंदांत. आम्ही ती लढत मध्यरात्रीनंतर जागून पाहिली होती. ही बाई शेवटच्या मिनिटाला पहिल्या मिनिटापेक्षा धोकादायक असते, हे आकड्यांत कसं दाखवाल? बहुतेक खेळांत दमलेला पहिलवान कमकुवत होतो, बस्स. तिच्या बाबतीत समोरची दमल्यावर तिचं खरं सुरू होतं.

फासेकर

@मॅटवरची_आई, हे सोडवता येईल. 'दम' नावाची वेगळी पट्टी ठेवू. दम कमी झाला की सगळ्यांचे आकडे एकसारखे खाली आणायचे नाहीत. प्रत्येक पत्त्यावर लिहायचं, दम संपताना या पहिलवानाचं आधी काय जातं. कुणाचे पाय जातात, कुणाची पकड सुटते, कुणाचं डोकं गरम होऊन तो उगाच डाव मारायला लागतो. साक्षीच्या पत्त्यावर तिचा स्वतःचा दम हळू उतरेल आणि समोरचीचा दम अर्ध्याखाली गेला की तिचा दुहेरी पट वरच्या तक्त्यावर जाईल.

दमाची पट्टी आली की स्पर्धाही खरी वाटेल. खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. १९५२, हेलसिंकी, ५७ किलो. कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या पहिलवानांना हरवलं, जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरले आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या ममदबेयोवसमोर उभं राहावं लागलं. मध्ये विश्रांतीचा नियम होता, पण त्यासाठी भांडायला आपला कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. तरीही कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. इशी सुवर्ण, ममदबेयोव रौप्य.

म्हणजे खाशाबांची शेवटची कुस्ती खेळात मांडायची तर त्यांची दमाची पट्टी आधीच्या कुस्तीत जिथे संपली तिथूनच सुरू करायची. मी काल अशी मांडून बघितली. पहिल्या फाशापासून त्यांचे हलके पाय जड झालेले दिसतात. मला पुढचे फासे टाकवेनात. थोडा वेळ तसाच बसलो.

पोकळ_घिस्सा

पायांचं बोललात म्हणून सांगतो. खाशाबा चपळ होते, पायाने हलके, म्हणून तर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकआधी परदेशी प्रशिक्षकाने त्यांना वेगळं हेरलं. आपल्याकडे तेव्हा जड, जागेवर उभे राहणारे पहिलवान जास्त. खाशाबांची ढाक प्रसिद्ध, पण ती ढाक लागायची ती पाय आधीच योग्य जागी पोचलेले असायचे म्हणून.

तुमचा खेळ मी छापून घेतला आणि आमच्या वस्तादांना दाखवला. वय ऐंशीच्या पुढं. चष्मा लावून एकेक पत्ता बघितला. मग म्हणाले, "पोरा, ह्यात हात दिसत्यात. पाय कुठं हायत?" मी म्हटलं, वस्ताद, डावातच आले की. तर म्हणाले, "डाव लागतो त्येच्या आधी पाय लागतो. उजवा म्होरं हाय का डावा, त्येवढं तरी लिव्हा."

बरोबर आहे त्यांचं. धोबीपछाड घ्या. हात धरून, पाठ देऊन, खांद्यावरून आपटायचं. पण समोरच्याचा पाय कुठे आहे यावर तो डाव आहे की आत्महत्या आहे ते ठरतं. पाठ दिली आणि तो मागे ठाम उभा राहिला, तर तुम्ही आयता कब्जा दिलात. तेव्हा खडाखडीत प्रत्येकाचा पुढचा पाय लिहा आणि प्रत्येक फेरीला तो बदलायची मुभा द्या. एवढ्या एका गोष्टीने निम्मी कुस्ती दिसेल.

वरळीकर

मी ७९ वर्षांचा आहे, मुलगी टंकून देते. लहानपणी वडिलांबरोबर वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग पाहिले. फ्रीस्टाईल म्हणायचे त्याला. किंगकाँग म्हणजे मांसाचा डोंगर, आणि दारासिंगने त्याला उचलल्यावर जो गलका व्हायचा तो अजून कानात आहे.

वडील मूळचे साताऱ्याकडचे, मातीतली कुस्ती जाणणारे. परतताना ट्राममध्ये म्हणायचे, "आपल्या आखाड्यात पहिलवान डाव लपवतो, इथे दाखवतो." मला ते पुढे कळलं. न्यू जर्सीकर जो खेळ सांगताहेत त्यात डाव दाखवायचा असतो, कुस्तीगीराची शैली प्रेक्षकांसाठी असते. तुमच्या खेळात डाव लपवायचा आहे. मग पत्ता समोरच्याला उघडा का ठेवता? झाकून ठेवा. त्याला लढतालढता कळू दे.

न्यू_जर्सीकर

@वरळीकर काका, हे मला इतकी वर्षं खेळून सुचलं नव्हतं. माझं आधीचं 'प्रत्येकाला एक खास डाव द्या' हे मत मी मागे घेतो. तमाशाच्या कुस्तीत ते बरोबर आहे, तिथे लोक त्या एका डावाची वाट बघत असतात. निकाली कुस्तीत ज्याचा खास डाव सगळ्यांना माहीत, त्याचा तो डाव लागणं सगळ्यात कठीण. तोड घेऊनच समोरचा उतरतो.

तांबडी_माती

पत्ते झाकले. फरक जमीन-अस्मानाचा पडला. आता दोघंही पहिल्या पाच-सात फेऱ्या चाचपडतात, हात देतात, काढून घेतात. तीच खडाखडी. आधी आम्ही ती फासा टाकून उरकत होतो.

पुढच्या पायाची सोंगटीही घातली. वस्तादांना माझा नमस्कार सांगा.

आता गामा. त्याची लढत आम्ही कुणी पाहिलेली नाही, पाहणंही शक्य नाही. मग पत्ता कशावरून करायचा? पुतण्याने सुचवलं की वेळ बघूया. १९१० ला लंडनमध्ये त्याचं आव्हान होतं, की तीन पहिलवान अर्ध्या तासात पाडतो. अमेरिकेच्या डॉ. रोलरला त्याने पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत पाडलं, दुसऱ्यांदा साधारण नऊ मिनिटांत. पतियाळाला एक मिनिटही लागलं नाही. म्हणजे हा माणूस हात मिळवल्याबरोबर तुटून पडणारा. आणि उलट बाजूला रहीमबक्ष सुलतानीवाला, जवळपास सात फुटांचा, त्याच्याशी गामाच्या कुस्त्या लांबत गेल्या आणि बरोबरीत सुटल्या. पुढे अलाहाबादला त्याने रहीमबक्षला हरवलं तोवर बराच काळ गेला होता. पहिला लोंढा ज्याने अंगावर झेलला, तोच गामासमोर टिकला.

म्हणून गामाच्या पत्त्यावर आम्ही पहिल्या तीन फेऱ्यांना वेगळा तक्ता दिला. त्यात त्याचा हल्ला सात किंवा जास्तला लागतो, म्हणजे ३६ पैकी २१ वेळा. लागला की लगेच पुढची फेक, आठ किंवा जास्तला पाठ टेकली, ३६ पैकी १५. दोन्ही मिळून साधारण चारात एकदा कुस्ती तिथेच संपते. चौथ्या फेरीपासून तो इतरांसारखा चिवट, भारी पहिलवान, पण लोंढा ओसरलेला.

झिबिस्कोच्या पत्त्यावर 'जमीन धरणे' ही चाल दिली. ती खेळणाऱ्याने स्वतः निवडायची, फाशाने नाही. तिला एक पूर्ण फेरी लागते. एकदा बसला की फासेकरांचा १२९६ वाला तक्ता लागू.

आणि दोन्ही निकाल बसले! १९१० ला त्याला खाली जायला फेरी मिळाली. १९२८ ला मिळाली नाही. शिवाय तोवर त्याचं वय पन्नाशीला टेकलेलं, म्हणून त्याच्या दमाची पट्टी आखूड केली. गामाचा पत्ता दोन्ही वेळी तोच, एक आकडाही बदललेला नाही.

पोकळ_घिस्सा

चांगलं झालंय. एक दुरुस्ती. बसलेल्याला उलटवायला तुम्ही नुसते दोन बारा ठेवलेत. बसलेल्यावर वरचा गडी काय करतो तेही दाखवा. सवारी घालून त्याचा पाय अडकवायचा, हप्ता भरून मान दाबायची, घिश्शाने ओढायचं, मोळी बांधायला हात-पाय जवळ येतात का बघायचं. खालचा भारी असेल आणि त्याने कोपरं पोटाशी धरली असतील तर यातलं काही लवकर लागत नाही, हे खरं. पण दर प्रयत्नात खालच्याचं काहीतरी झिजतं. कोपर सुटतं, श्वास तुटतो. वरचाही झिजतो. सगळ्यात जास्त वरच्याचाच दम जातो, कारण उचलायचं त्याला आहे. अडीच तास गामाने काय केलं असेल याची कल्पना मला इथे बसून करता येते. तळहाताची सालं निघतात.

तेव्हा प्रत्येक निष्फळ प्रयत्नाला वरच्याचे दोन आणि खालच्याचा एक असा दम कमी करा.

फासेकर

म्हणजे जमीन धरणं हे पळून जाणं नाही, महागडा सौदा आहे. खालचा जिंकू शकत नाही, पण वरच्याला रिकामं करू शकतो. गणितात बसतं. मात्र १५० फेऱ्यांना दमाची पट्टी लांब लागेल. मी तक्ता करून आज रात्री टाकतो.

मॅटवरची_आई

मॅटवर असं नुसतं अंग चोरून राहिलं तर पंच निष्क्रियतेची ताकीद देतात. तीस सेकंदांत गुण मिळव म्हणतात, नाही मिळाला तर समोरच्याला गुण. मॅटच्या तक्त्यात 'जमीन धरणे' ही चालच ठेवू नका. मुलगी म्हणते, झिबिस्को मॅटवर पहिल्या भागातच हरला असता. आणि तिला झिबिस्कोचीच बाजू घ्यायची आहे, दोन वेळा खेळून झालं.

तांबडी_माती

काल रात्री फासेकरांच्या तक्त्यासह पूर्ण कुस्ती मांडली. १९१०. मी गामा, पुतण्या झिबिस्को. पत्ते झाकलेले, पण काय होणार ते दोघांनाही माहीत.

पहिल्या फेरीला मला सहा पडले. एकाने हुकलं. पुतण्याने काही न बोलता सोंगटी आडवी केली. त्यानंतर आम्ही साडेनऊपासून पावणेबारापर्यंत फासे टाकत होतो. सवारी, हप्ता, घिस्सा, पुन्हा सवारी. चाळिसाव्या फेरीच्या आसपास मला एकदा बारा पडला, त्याचं कोपर सुटलं, पुढची फेक टाकताना माझा हात खरंच थरथरला. नऊ. त्याने कोपर परत आत घेतलं. वहिनी दोनदा येऊन गेल्या, झोपा म्हणाल्या. शंभराव्या फेरीला माझ्या दमाची पट्टी त्याच्यापेक्षा खाली होती आणि वर मीच होतो. बरोबरीत सोडवली.

मग पुतण्या म्हणाला, आता पतियाळा. पत्ते तेच, त्याची पट्टी आखूड. मी फासा उचलला तर म्हणाला, "थांबा काका, पाय बदलतो." डावा पुढे घेतला. सोंगटीवर बोट ठेवून बराच वेळ बसला. मला आठ पडले, मग अकरा.

रोलरचा पत्ता उद्या घेतोय. @पोकळ_घिस्सा, त्याचा पुढचा पाय उजवा ठेवू का?